समोरून नंबर आलाच नाही

निवृत्त स्टेशन मास्तर ओळखायचा कसा, तर घरात फोन वाजला की तो ताटावरूनही उठतो आणि स्वतःच उचलतो. गजभिये मास्तर त्यातलेच. भगवान गजभिये, मूळचे भंडाऱ्याचे. रेल्वेने उचलून राजस्थानात आणून टाकलं आणि ते इथेच रुजले. बस्सीला होते, सांगानेरला होते, शेवटी दुर्गापुऱ्याहून निवृत्त झाले आणि स्टेशनच्या जवळच भाड्याच्या घरात राहिले. तब्येत ठणठणीत, पेन्शन वेळेवर, बायको सुलोचना तोंडाने फटकळ पण हाताला चव अशी, की शेजारच्या मारवाडणी वाटी घेऊन तिच्या दारात. माणसाला आणखी काय लागतं?

घर लागतं, असं सुलोचनाबाईंचं म्हणणं. सगळा संसार क्वार्टरमध्ये गेला. भिंतीला खिळा मारायचा तरी तो रेल्वेच्या भिंतीला. म्हातारपणी एक भिंत आपली असावी, एवढंच तिचं मागणं होतं, आणि ते ती मागायचीही नाही, नुसती भिंतीकडे बघायची. २००८ साल उजाडलं तेव्हा घरमालक नंदकिशोरजी स्वतःच म्हणाले, की आता आम्ही अजमेरला मुलाकडे जातो, हे घर विकायचं तर पहिलं तुम्हालाच. मास्तरांच्या फंडाची सगळी रक्कम बँकेत पडून होती. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी इसार द्यायचा ठरला. सुलोचनाबाई त्या दिवसापासून घरात गुणगुणायला लागल्या.

आता ती रक्कम नुसती बँकेत नव्हती, कम्प्युटरवर दिसतही होती. ही करामत मुलाची, संकल्पची. तो हैदराबादला कंपनीत. दिवाळीला आला तेव्हा कम्प्युटर घेऊन दिला, नेट जोडून दिलं आणि म्हणाला, "बाबा, आता लाइनमध्ये उभं राहायचं नाही. मतलब सगळं घरबसल्या." जयपुरात वाढलेलं पोर, मराठी बोलता बोलता हिंदीच्या रुळावर जायचंच. मास्तरांना हे प्रकरण भलतंच आवडलं. रोज आंघोळ झाली की ते बँकेत डोकावून यायचे.

"अंडं रोज उचलून पाहिलं तर उबत नसते, जी," सुलोचनाबाई म्हणायच्या. मास्तर ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

संक्रांत आली. त्या दिवशी जयपुरात जमिनीवर कुणी नसतं. सगळं शहर गच्चीवर, आकाशात पतंग, गच्चीगच्चीवर गाणी. पतंग आपला नसला तरी ऊन सगळ्यांचंच, असं म्हणून सुलोचनाबाई नंदकिशोरजींच्या बायकोबरोबर वर जाऊन बसल्या. मास्तर खाली राहिले आणि कम्प्युटर उघडला, तर पुढ्यात बँकेची मेल.

मेल इंग्रजीत होती आणि फार घाईत होती. तुमच्या खात्याची पडताळणी बाकी आहे, चोवीस तासांत केली नाही तर खातं बंद करण्यात येईल, खालच्या ओळीवर क्लिक करून युजर आयडी आणि दोन्ही पासवर्ड, खातं उघडायचा आणि पैसे पाठवायचा, भरा. वर बँकेचं चिन्हही होतं. उद्या इसार, आणि आज बँकेला सुट्टी. कुणाला जाऊन विचारणार?

दुसरा कुणी इथे थबकला असता. मास्तर थबकले नाहीत, आणि ते का, हे समजायला रेल्वेत जन्म घालवलेला असावा लागतो. स्टेशन मास्तरकडे एक कागद असतो, त्यावर छापलेले नंबर. त्याला म्हणायचं प्रायव्हेट नंबर. पुढच्या स्टेशनाला गाडी सोडू का विचारलं, की तिथला मास्तर हो म्हणतो आणि सोबत आपला एक नंबर सांगतो. तो नंबर म्हणजे त्याचा शब्द. फाटकवाल्याला फाटक बंद करायला सांगितलं तरी तसंच. नंबर बायकोलाही दाखवायचा नाही, पण कामाच्या माणसाने मागितला की आढेवेढे न घेता द्यायचा, कारण तुम्ही अडवून धरलात तर तिकडे गाडी उभी राहते. मास्तरांनी सगळी नोकरी अशी नंबर देण्यात काढली होती. बँकेने नंबर मागितला, मास्तरांनी दिला. तिन्ही रकाने भरले आणि बटण दाबलं.

पडद्यावर आलं, धन्यवाद. बस. मास्तर वाट पाहत बसले. कशाची? समोरच्या नंबराची. आपण नंबर दिला की समोरचाही आपला देतो, तेव्हा कुठे बोलणं पुरं होतं. इथे समोरून काहीच येईना. बँक आहे की धर्मशाळा, असं पुटपुटत त्यांनी थोडा वेळ कळ काढली. मग हाताने आपणहून पुढचं काम केलं. एकदा दिलेला नंबर मेला. तो कागदावर खोडायचा असतो, पुन्हा चालवायचा नसतो. म्हणून मास्तर संकल्पने कम्प्युटरवर करून ठेवलेल्या बँकेच्या खुणेवरून आत शिरले आणि दोन्ही पासवर्ड बदलून टाकले. शंका वगैरे काही नव्हती बरं का. नुसती सवय.

आणि मग बँकेच्या ढिसाळ कारभाराची तक्रार करायला त्यांनी मुलाला फोन लावला.

संकल्पने सगळं ऐकलं आणि त्याचा आवाज चढला. "बाबा, ती बँक नव्हती. चोर होते. बँक पासवर्ड कधीच मागत नाही. कधीच मतलब कधीच."

मास्तरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुम्ही भरला तोच पासवर्ड आहे ना अजून?"

"तो कसा असेल? दिलेला नंबर परत चालवतात का कुठे? लगेच बदलला."

"त्याच मेलमधून बदलला?"

"नाही रे. तू करून दिलं तिथून."

तिकडे संकल्पने श्वास सोडलेला मास्तरांना इथे ऐकू आला. "आता आधी बँकेला फोन करा. एटीएम कार्डाच्या मागे नंबर आहे, तो लावा. मेलमध्ये दिलेला लावू नका."

मास्तरांनी कार्ड पालथं केलं. फोनवरच्या मुलीने शांतपणे सगळं ऐकून घेतलं, रक्कम जागेवर आहे म्हणाली, आणि नेटवरचा व्यवहार बंद केला. मग म्हणाली, की थोड्या वेळापूर्वी कुणीतरी तुमचा जुना पासवर्ड टाकून पाहिलेला दिसतोय. दोनदा. मास्तरांनी फोन ठेवला. आपल्या हातून गाडीला कधी ओरखडा आला नाही, हा त्यांचा अभिमान होता. आणि सुलोचनाची भिंत त्यांनी जवळजवळ एका बटणावर देऊन टाकली होती. त्यांना स्वतःची लाज वाटली आणि मनापासून भीती वाटली.

सांगायचं की नाही? झाकली मूठ सव्वा लाखाची. पैसा शाबूत होता, इसाराचा चेक फाडला की काम भागत होतं, तिला कळायचं कारणच नव्हतं. असं घोकत मास्तर गच्चीवर गेले. बायकोने गजकेचा, म्हणजे तिथल्या तिळगुळाच्या वडीचा, तुकडा हातावर ठेवला. तो त्यांनी परत तिच्या पुढ्यात ठेवला. आणि सगळं सांगून टाकलं.

सुलोचनाबाईंनी आधी एवढंच विचारलं, "पैसे हायेत?"

"आहेत."

"सगळे?"

"सगळे."

मग त्यांनी आपली गजक संपवली, हात झटकले. "मले काहून नाही इचारलं?"

"तुला कम्प्युटर कुठे येतो?"

"नाही येत. पण कोणी दारात येऊन म्हणलं असतं, का कपाटाची चाबी द्या, नाही त कपाटाले सील लावतो, त मी म्हणलं असतं, बापा, पयले तुझं नाव सांग."

दोघं खाली आली. तिला इंग्रजी येत नव्हतं म्हणून त्यांनी ती मेल मोठ्याने, एकेक वाक्य मराठीत करून वाचली, आणि वाचता वाचता त्यांनाच दिसायला लागलं. कुठेच गजभिये हे नाव नव्हतं, नुसतं प्रिय ग्राहक. इंग्रजी असं, की शाळेतल्या गुरुजींनी छडी काढली असती. ज्या ओळीवर क्लिक केलं होतं, तिच्यावर बाण नेला तर खाली पत्ता भलत्याच कुणाचा. आणि पहिल्या वाक्यापासून शेवटपर्यंत नुसती घाई.

"चोराले घाईच राहते," सुलोचनाबाई म्हणाल्या आणि स्वयंपाकाला लागल्या.

पुढे पेन्शनरांच्या बैठकीत मास्तरांनी ही हकीकत स्वतःच उभं राहून सांगितली. काही जण हसले. विमा कंपनीतले रंगनाथराव मात्र हसले नाहीत. बैठक सुटल्यावर बाजूला येऊन हळूच म्हणाले, की मलाही तशी मेल आली आहे, आज संध्याकाळी भरणार होतो. मास्तर त्यांच्या घरी गेले आणि ती पुसून टाकूनच परतले.

महिन्याभरात खरेदीखत झालं. मास्तरांनी मनाशी ठरवलं होतं की घर सुलोचनाच्या एकटीच्या नावावर करायचं. कारकुनाला तसं सांगायला लागले, तर तिनेच अडवलं.

"दोघांचं नाव घाला."

"अगं, घर तुझंच आहे."

"माझंच हाये. पण एकट्याचं नाव असलं का कोणीतरी एकट्याले गाठून सही घेऊन जाते. मले पण गाठतीन एखाद्या दिवशी. दोघं असलं म्हंजे एकाले दुसऱ्याले इचारा लागते."

कारकुनाने दोघांची नावं घातली आणि कागद पुढे सरकवला. मास्तरांनी पेन उघडलं, खाली टेकवलं, आणि इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच सही करायच्या आधी बायकोकडे पाहून विचारलं, "करू?"

"पयले वाचून दाखवा," सुलोचनाबाई म्हणाल्या, आणि खुर्ची जवळ ओढून बसल्या.