गेटवरचं आडनाव

राहुरीत माझ्या सहा खोल्या आहेत, चार खाली आणि दोन वर. मागच्या बाजूला मी राहते. एसटीत कंडक्टर होते तेव्हा पगारातून एकेक करून बांधल्या, आणि आता निवृत्तीनंतर त्याच माझी नोकरी. गल्लीतले लोक म्हणतात, बाईंचं बरंय, बसून खायचं. बसून खायचं असतं तर माझ्या पिशवीत पाना आणि टेफ्लॉनची टेप कशाला असती?

रविवारची सकाळ खोल्यांची. त्या वेळात मोबाईल तांदळाच्या डब्यावर पडून राहतो, मग फोन कलेक्टरचा का असेना. प्रत्येक खोलीतला नळ सोडून बघायचा, फ्लशची टाकी बघायची, बाथरूमची कडी बघायची. वॉशर गेला असेल तर तिथंच बदलायचा. 'पुढच्या आठवड्यात बघू' हे मी नोकरीत पुष्कळ ऐकलंय, आणि त्या गाड्या कुठल्या घाटात बंद पडल्या तेही बघितलंय. माझ्याकडे विद्यापीठातली मुलं-मुली राहतात. परीक्षेच्या सकाळी त्यांना पाणी मिळालं नाही तर चूक माझी.

माझं लक्ष उडवायला धाकटा भाऊ एकटा पुरेसा आहे. तो नगरला असतो आणि दर दिवाळीला नवी स्कीम घेऊन येतो. शिर्डीत फ्लॅट घे, भक्तांना रोजावर दे. भंडारदऱ्याला जागा घे, तंबू टाक. मी म्हणते, "बाबा, आधी वरच्या खोलीतला गिझर बघ, मग भंडारदरा." गिझर त्याने आजवर बघितलेला नाही.

स्कीम मी हसण्यावारी नेते. पण त्याने आडनाव बदललं ते मला अजून टोचतं. आमचे आजोबा बौद्ध झाले, आडनाव मात्र जुनंच राहिलं, आणि आमच्याकडे आडनाव ऐकलं की समोरच्याला जात कळते. भावाने गावाच्या नावाला 'कर' जोडला आणि गॅझेटात छापून आणला. मी लग्न केलं नाही. वडिलांनी दिलं तेच माझं आडनाव.

नोकरीला लागले तेव्हा याच आडनावापायी मला या गावात खोली मिळाली नव्हती. एक बॅग घेऊन मी दारोदार हिंडले. चहा मिळायचा, खोली दाखवायचे, पाण्याची वेळ सांगायचे. मग निघता निघता, "आडनाव काय म्हणालात?" मी सांगितलं की नेमका त्याच घरी एक भाचा शिकायला येणार असायचा. राहुरीत तेव्हा इतके भाचे कुठून येत होते कोण जाणे. मी स्टँडवरच्या विश्रांतीच्या खोलीत पाठ टेकायची आणि मनात म्हणायची, इथंच घर बांधीन आणि तुमच्याच गल्लीत भाड्याने देईन. आणि खोली बघायला येईल त्याला आडनाव विचारणार नाही. बसमध्ये तरी मी कुणाला कधी विचारलं होतं? कुठं जायचं, एवढंच विचारायचं.

गेल्या वर्षी ॲडमिशनच्या दिवसांत वरच्या दोन्ही खोल्या रिकाम्या होत्या. नेवाशाकडचे एक शेतकरी मुलीला घेऊन आले. "पानी कसं हाय, बाई?" त्यांनी विचारलं. मी नळ सोडून दाखवला. मुलीने खिडकी उघडली आणि टेबल कुठं ठेवायचं तेही ठरवून टाकलं. डिपॉझिट द्यायला त्यांचा हात खिशात गेला आणि तिथंच त्यांना आठवण झाली.

"आपलं आडनाव काय, बाई?"

घर माझं, चावी माझ्या हातात, आणि प्रश्न तोच. मी सांगितलं. हात खिशातून रिकामाच बाहेर आला.

"घरी इचारून कळवतो."

मुलगी जिना उतरताना दोनदा मागे वळून बघत होती. मला रडूबिडू काही आलं नाही. संताप आला, इतका की दुपारचं जेवण गेलं नाही. भावाचा फोन आला तेव्हा त्याला सांगून टाकलं.

"ताई, माझं नाव सांगत जा ना," तो म्हणाला. "मालक भाऊ हाय म्हणायचं. खोल्या रिकाम्या ठेवून कुणाला दाखवतीस?"

"स्वतःच्या घराला उसनं आडनाव लावू?"

"लई हट्टी हायेस तू."

"हाये," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

तोवर माझ्या गेटवर पाटी नव्हती. दुसऱ्या दिवशी दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्याला बोलावलं. लोखंडी गेटवर माझं पूर्ण नाव लिहून घेतलं, त्यात आडनाव सगळ्यांत मोठं, आणि खाली, खोल्या भाड्याने मिळतील. तो म्हणाला, "एवढी मोठी अक्षरं?" मी म्हटलं, गाडीच्या पाटीसारखी लांबून वाचता आली पाहिजेत. ते आडनाव मी इथं लिहीत नाही. गेटवर आहे, वाचायला राहुरीला या.

पाटीने माझं काम हलकं केलं. आधी मी जिना चढायची, खोली दाखवायची, शेवटी 'घरी इचारून कळवतो' ऐकायचं, आणि सकाळ वाया. आता ज्याला परत जायचंय तो गेटवरूनच जातो. या वयात सहा खोल्या एकटीने कशा सांभाळता, असं लोक विचारतात. अशा सांभाळते. परतणाऱ्यांच्या पायी माझे गुडघे झिजवत नाही.

वरची एक खोली पाटी वाचून आलेल्या दोघा मुलांनी घेतली. दुसरी रिकामीच राहिली. भाऊ दर फोनला तिची चौकशी करायचा आणि मी दर रविवारी तिचाही नळ सोडून बघायची.

अशाच एका रविवारी मी बेसिनखाली वाकले होते, तर गेटवर कडी वाजली. बघते तर तेच नेवाशाकडचे. मुलगी बॅग घेऊन मागे उभी.

"पोरगी दुसरीकडं ऱ्हाईना," ते म्हणाले. "तिकडं पान्याचे लई हाल. म्हनती, तीच खोली पायजे. हाय का अजून?"

"आहे." मी हात पुसत गेटपाशी गेले, पण कडी काढली नाही. "पाटी वाचली?"

"वाचली की."

"मोठ्याने वाचा."

त्यांनी गल्लीकडे बघितलं. समोरच्या काकू मेथी निवडायच्या थांबल्या होत्या. पाटीकडे वळून त्यांनी माझं नाव वाचलं, माझ्या वडिलांचं वाचलं आणि आडनावापाशी थांबले. मुलीने तोंड उघडलं.

"तू नाही," मी तिला म्हटलं. "त्यांना वाचू दे."

प्रवासी सुटे पैसे शोधत असला की थांबायची मला सवय आहे. मी थांबले. मग त्यांनी आडनाव वाचलं, काकूंना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, आणि पुढे आपणहून 'बाई' म्हणाले.

मी कडी काढली आणि चावी मुलीच्या हातात दिली.