ओल्यावर मारलेला ठसा

आमच्या वन्संना कुणी प्रेमळ म्हटलं की माझं डोकं फिरतं. चाळ पाडायला घेणार म्हणून परवा जुन्या भाडेकरूंचं संमेलन भरलं होतं. तिथे चाळीतल्याच भाऊसाहेबांच्या मुलाने माइक हातात धरून सांगितलं, की ताराबाई म्हणजे प्रेमाचा झरा होत्या आणि आपल्या चाळीत त्या गरम दिवसांतही कसा सलोखा नांदत होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. झरा कसला आलाय? माझी नणंद जन्मभर रागावलेली होती, आणि तिला रागवायला लावणाऱ्यांत ह्या वक्त्याचे वडील पहिले होते.

चाळ त्यांना पाठीमागे 'लवंगी' म्हणायची. बाई एवढीशी, पण एकदा पेट घेतला की माळ संपल्याशिवाय थांबायची नाही. नवरा लवकर गेला, तेव्हा त्या गिरगावात माहेरी परत आल्या आणि मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवू लागल्या. भावाच्या आश्रयाला आहेत असं कुणी सुचवलं, की म्हणायच्या, "मी माझ्या घरात राहते. भाऊही तिथेच राहतो, त्याला माझा इलाज नाही." मी लग्न होऊन आले त्या पहिल्या सकाळी चहा उतू गेला म्हणून त्यांनी मला झापलं, आणि नव्या नवरीला चहा करायला का लावलं म्हणून लगेच माझ्या नवऱ्याला झापलं. दोन्ही एका दमात. तेव्हापासून मी त्यांच्या बाजूची झाले.

भाजीवालीकडे त्यांची एक तऱ्हा होती. आपण सगळ्या बायका भेंडीचं टोक मोडून बघतो, कट्‌कन मोडली की पदरात घेतो. वन्सं नेमकी न मोडणारी, जून, दोरीसारखी भेंडी वेचायच्या. "कोवळी खायला, जून छापायला," असं त्यांचं म्हणणं. जून भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचं नेटकं फूल मिळतं, आणि रंगात बुडवून कागदावर टेकवलं की त्याचा स्वच्छ ठसा उठतो. कोवळी भेंडी बुळबुळीत, तिचा नुसता डाग पडतो. त्याच ढिगाशी कोवळी भेंडी वेचायला समोरच्या इमारतीतल्या हंसाबेन यायच्या. हाताला जून लागली की ती त्या गुपचूप वन्संच्या टोपलीत टाकायच्या. वन्सं ज्यांच्याशी कधीच भांडल्या नाहीत असं गिरगावात ते एकच माणूस असेल.

आपला दिवाळीचा पाडवा म्हणजे हंसाबेनचं नवं वर्ष. दर पाडव्याला वन्सं त्यांच्यासाठी हाताने भेटकार्ड करायच्या. जाड कागद दुमडायचा, स्पंजाने ओला करायचा, त्यावर पिवळ्या जलरंगाचा पातळ हात फिरवायचा आणि चिमटा लावून दोरीवर टांगायचा. मग कडेने बटाट्यात कोरलेल्या पणत्यांचे ठसे, मध्ये भेंडीची लाल फुलं, आणि खाली हंसाबेननेच शिकवलेल्या गुजराती अक्षरांत 'साल मुबारक'. एकदा मी घाई करून भेंडी उचलली, तर माझ्या हातावर चापट बसली. "थांब. ओल्यावर ठसा मारशील तर पसरेल." दूध तापेपर्यंतही जिला दम निघत नसे, ती बाई कागद वाळेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसायची. कार्ड घेऊन त्या समोर जायच्या आणि घुघऱ्यांचा, म्हणजे त्यांच्याकडच्या करंज्यांचा, डबा घेऊन परत यायच्या, हे अनेक वर्षं चाललं.

मग ती वर्षं आली. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असं दिल्लीत ठरत होतं आणि इथे रस्त्यावर गोळ्या चालत होत्या. आमच्या खालच्या, दुसऱ्या मजल्यावरचा वसंता, कॉलेजात जाणारा मुलगा, गर्दी कसली आहे ते बघायला नाक्यापर्यंत गेला आणि चौघांच्या हातांवरून घरी आला. त्याच्या आईचा तो आवाज मी अजून विसरलेले नाही. आज माइकवरून 'गरम दिवस' म्हणतात. गरम म्हणे. चहा गरम असतो.

वन्संनी चित्रकलेची पेटी उघडली आणि मोर्च्याचे फलक रंगवायला घेतले. चपलेच्या जुन्या तळव्यात मशाल कोरून तिचे ठसे मारले. पुठ्ठ्यावर 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' अशी ठसठशीत अक्षरं काढली आणि फलक खांद्यावर घेऊन त्या सत्याग्रहाला गेल्या. तुरुंगातून आल्या त्या वाळून, आणि आल्या आल्या तिथल्या डाळीला शिव्या घालत. शाळेने कामावर परत घ्यायला बरेच आढेवेढे घेतले. तरी पुढच्या मोर्च्याला ह्या पुन्हा सर्वांत पुढे. आमचे भाऊसाहेब, चाळीच्या कमिटीचे सेक्रेटरी, घोषणा द्यायचे ते गॅलरीतून. खाली उतरलं की त्यांचे गुडघे दुखायचे.

हंसाबेनचे यजमान कांतिलालभाई ह्यांची कापडबाजारात पेढी होती. ते एकदा रस्त्यात वन्संना म्हणाले, की ही मुंबई पेढ्यांनी उभी केली, घोषणांनी नाही. वन्संनी तिथेच उभं राहून विचारलं, "पेढीवरच्या कापडाच्या गाठी कोण उचलतं, ते कधी मान वळवून बघितलंत?" भोवती माणसं जमली, कांतिलालभाई पांढरेफटक पडून निघून गेले. त्या दिवसापासून समोरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीचं दार बंद झालं. हंसाबेन भाजीलाही दिसेनाशा झाल्या, त्यांचा गडी यायला लागला.

वसंता गेल्यानंतरची पहिली दिवाळी आली. चाळीत आकाशकंदील लागला नाही, ते योग्यच होतं. पण कमिटीने आणखी एक ठराव केला, की समोरच्या इमारतीशी कुणी देणंघेणं, येणंजाणं ठेवायचं नाही. त्या इमारतीत वसंताच्या मृत्यूवर पेढे वाटले अशी आवई उठली होती. कुणी पाहिले, कुणी खाल्ले, हे एकालाही सांगता येत नव्हतं. पाडव्याच्या सकाळी वन्संनी नेहमीप्रमाणे कागद ओला केला. माझ्या नवऱ्याने हळूच सुचवून पाहिलं, की ह्या वर्षी राहू द्यावं. वन्सं कागद वाळायची वाट बघत बसल्या होत्या. त्यांनी भावाकडे नुसतं बघितलं आणि तो अंघोळीला गेला.

कार्ड घेऊन त्या जिना उतरू लागल्या, मी मागे होते. भाऊसाहेब मधल्या वळणावर उभेच होते, बरोबर आणखी चार पुरुष. त्यांनी ठरावाची आठवण करून दिली. वन्सं चालत राहिल्या. तेव्हा त्यांनी हात पुढे केला, कार्ड ओढून घेतलं आणि फाडलं. वरची फुलं अजून पुरती वाळलेलीही नव्हती, त्यांच्या बोटांना लाल रंग लागला.

"वसंताच्या आईच्या डोळ्यांदेखत जाणार होतात तिकडे?" ते म्हणाले.

"वसंताला गोळी सरकारने घातली, हंसाने नाही," वन्सं म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, त्याचीच मला भीती वाटली. "सरकारशी भांडायला मी तुरुंगात गेले. तुम्ही गॅलरीत उभे होतात. सरकारपर्यंत तुमचा हात पोचत नाही, म्हणून तो हंसावर टाकताय. आणि हंसाशी भांडायचंच असेल तर ते मी भांडेन. तुम्ही कोण?"

त्या वळल्या आणि वर आल्या. दाराआड मोर्च्याचा एक फलक उभा होता. तो त्यांनी ओढून जमिनीवर पालथा टाकला आणि कोऱ्या बाजूवर वाटीभर पिवळा रंग ओतला. वाळायची वाट बघितली नाही. भेंडी तशीच दाबली, एकीवर एक, दाणदाण. लाल रंग चहूकडे धावला, पाकळ्या एकमेकींत मिसळल्या. मी म्हटलं, "वन्सं, पसरतंय." त्या म्हणाल्या, "पसरू दे." खाली हातभर उंचीच्या गुजराती अक्षरांत 'साल मुबारक, हंसा' लिहिलं आणि ओला फलक गॅलरीच्या कठड्याला सुतळीने बांधला. शुभेच्छा समोर आणि घोषणा चाळीकडे.

भाऊसाहेब फाडायला धावत आले आणि हात वर करून तसेच थांबले. फाडायचा तर 'संयुक्त महाराष्ट्र' फाटत होता. मग त्यांनी सुतळी सोडून फलक उलटा बांधला, घोषणा समोर. ते जिना उतरतात न उतरतात तोच वन्संनी तो परत फिरवला. ते पुन्हा आले, ह्या पुन्हा उठल्या. संध्याकाळपर्यंत हेच. मजल्यावरची माणसं दारात उभी राहून बघत होती, पण सुतळीला हात लावायला एकही पुढे आला नाही, ना इकडून ना तिकडून. मीसुद्धा त्या माणसांत होते. शेवटी वसंताची आई बादली घेऊन वर आली, तिची दोरी आमच्या गॅलरीत होती. तिने फलक बघितला. मग दोरीवरचं आधीचं लुगडं तिने बाजूला सारलं, ओलं त्याच्या पलीकडे घातलं, फलक झाकणार नाही असं, आणि बादली घेऊन खाली गेली. त्यानंतर भाऊसाहेब आले नाहीत.

समोरचं दार मात्र उघडलं नाही. पुढच्या पाडव्यालाही नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही. वन्सं दर वर्षी त्याच फलकाशेजारी नवा पुठ्ठा टांगत, आता नीट वाळवून, नेटके ठसे मारून. आणि मग दिवसभर बंद दाराकडे बघून हंसाबेनवर चरफडत. "नवऱ्याला भिते मेली. खिडकी तरी उघडावी." कांतिलालभाईंवर त्यांचा जेवढा राग होता, त्याहून हंसाबेनवर जास्त. मला वाटतं, रागाशिवाय दुसरं काही करायचं त्यांना माहीतच नव्हतं. वाईट वाटलं तरी त्या रागावत, आठवण आली तरी रागावत.

महाराष्ट्र झाला. मुंबई मिळाली. चाळीत रोषणाई झाली आणि भाऊसाहेबांना हार घातला गेला. वन्संना कुणी बोलावलं नाही, त्याही गेल्या नाहीत. त्यानंतर थोड्याच दिवसांत समोर लॉरी येऊन उभी राहिली. कांतिलालभाई पेढी अहमदाबादला नेत होते. वन्सं कठड्याला हात टेकून उभ्या होत्या. मी म्हटलं, खाली चला. त्या म्हणाल्या, "मी का जाऊ? चार वर्षं मीच बोलतेय."

सगळ्यात शेवटी हंसाबेन बाहेर आल्या. केस पिकले होते. लॉरीच्या पायरीवर एक पाय ठेवून त्या थांबल्या, वर बघितलं आणि भर रस्त्यातून म्हणाल्या, "तारा, पहिल्या वर्षीचं फूल पसरलं होतं. ओल्यावर मारलं ने?"

वन्संचे हात कठड्यावर घट्ट झाले. म्हणजे दाराच्या फटीतून हंसाबेन सगळं बघत होत्या, दर वर्षी.

"रागात होते," वन्सं वरून म्हणाल्या. मग कठड्यावरून वाकून, "दार का नाही उघडलंस?"

हंसाबेननी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही. लॉरी गेली. वन्सं घरात आल्या आणि मी भात करपवला म्हणून मला अर्धा तास बोलल्या. भात करपला नव्हता.

त्या जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. तो पहिला फलक माझ्या माळ्यावर होता. संमेलनात ठेवायला आणून द्या, असं भाऊसाहेबांच्या मुलाने गोड बोलून सांगितलं, म्हणून मी नेला. बघते तर व्यासपीठावर घोषणेची बाजू लोकांकडे आणि दुसरी भिंतीला लावलेली. भाषण संपेपर्यंत मी दम धरला. मग उठले, गुडघे माझेही दुखतात, पायऱ्या चढले आणि फलक फिरवला. भाऊसाहेबांचा मुलगा धावत आला. म्हणाला, "काकू, ह्या बाजूचा रंग सगळा पसरलाय, चांगलं नाही दिसत."

"ओल्यावर मारलाय," मी म्हटलं. "तुझ्या वडिलांनी वाळू दिला नाही."

जेवायची पंगत बसली. मी पानावर बसले आणि सहज मागे बघितलं, तर कुणीतरी फलक पुन्हा उलटा करून ठेवला होता. मी वरणभात तसाच टाकला आणि उठले.