काकांनी तपासलेला ड्रॅगन

जगातल्या कुठल्याही वस्तूकडे आजारी जनावर म्हणून बघता येतं, हे बसवनगुडीतल्या आमच्या घरमालक काकांनी सिद्ध करून दाखवलं होतं. मूळचे निपाणीकडचे, सरकारी पशुवैद्य म्हणून उभ्या कर्नाटकात हिंडून निवृत्त झालेले. नव्वदच्या दशकात मी पुण्याहून नोकरीसाठी बंगलोरला आले आणि त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहू लागले. शेजाऱ्याची स्कूटर सुरू होईना, तर काका फाटकाबाहेर जाऊन तिला कान लावणार आणि छातीत कफ धरलाय म्हणून सांगणार. माझ्या भावाच्या लग्नाचा अल्बम मी हौसेने दाखवला, तर नवरानवरी राहिली बाजूला, 'घोड्याचा मागचा खूर दुखतोय, ह्याला नाचवला कशाला?' म्हणून माझ्यावरच डाफरले. गल्लीतल्या देवळाच्या भिंतीवर देवीचा सिंह नव्याने रंगवला, तेव्हा भर आरतीत त्यांनी सिंहाला मूळव्याध असल्याचं निदान केलं, आणि पुजारी पुढे कितीतरी दिवस त्यांना प्रसाद देताना तोंड फिरवत. खोटं कौतुक त्यांच्या जिभेला झेपतच नसे. "माझ्या साडीवरच्या मोरांचंसुद्धा पोट फुगलेलं असतंय," असं अक्का, म्हणजे काकांच्या पत्नी, म्हणायच्या, आणि तरी दर सणाला नवी साडी त्यांच्यासमोर धरायच्या.

अशा माणसाला मी माझा ड्रॅगन दाखवायचं ठरवलं. दिवसभर ऑफिसात प्रोग्रॅम लिहून मी आतून वाळत चालले होते, आणि रविवारच्या चित्रकलेच्या वर्गात थोडा जीव परत यायचा. मुलांसाठी कॉम्प्युटरवरचे खेळ बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीला चित्रं काढणारं माणूस हवं होतं. नमुना म्हणून त्यांनी एक ड्रॅगन मागवला होता. काम मिळालं तर राजीनामा द्यायचा, नाही मिळालं तर हा नाद कायमचा सोडायचा, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. घरी यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. ऑफिसातल्या सगळ्यांनी चित्र बघून 'काय सही आहे!' म्हटलं, पण ते सगळे माझ्या डब्यातलं खाणारे. खरं सांगणारा एकच माणूस ओळखीचा होता आणि त्याचीच मला धडकी भरली होती.

शनिवारी सकाळी शीट घेऊन खाली उतरले. दुपारपर्यंत ते पोचवायचं होतं. काकांनी आधी साबणाने हात धुतले. मग ज्या टेबलावर गल्लीतली मांजरं तपासली जात, त्यावर शीट पसरलं, चष्मा बदलला आणि नुसते बघत राहिले. अक्कांनी तांदूळ निवडायचे थांबवले.

"खातंय काय हे?"

"मांस... असेल."

"असेल म्हणजे? दात तर रवंथ करणाऱ्याचे काढलीस."

"काका, ते आग ओकतं."

"ओकतंय?" त्यांनी मान वर केली. "कधीपासनं?"

अक्का पदराआड हसल्या. मला हसू येईना. त्यांचं बोट चित्रावरून सरकत होतं आणि जिथे थांबेल तिथे एक नवा आजार निघत होता. पंख बरगड्यांत घुसलेत. शेपटीत हाडच नाही. मान अशी पिळली आहे की घास उतरणार नाही. शेवटी त्यांनी चष्मा काढला. "स्वल्प थांब, पोरी. ह्या अवस्थेत ह्याला बाहेर पाठवू नको." मी शीट गुंडाळलं, ऑटो पकडली आणि रागारागात नेऊन दिलं.

आठवड्याने मी ते शीट परत घेऊन आले. 'अजून पुष्कळ सराव हवा,' एवढंच कंपनीतल्या बाई म्हणाल्या होत्या, तेही घड्याळाकडे बघत. काका झाडांना पाणी घालत होते. त्यांना चुकवून जिना गाठावा म्हणून मी शीट पाठीमागे धरलं, तर म्हणाले, "आण की इकडं." पुन्हा हात धुतले, पुन्हा तेच टेबल. 'मी सांगितलं होतं' हे वाक्य कधी येतंय याची वाट बघत मी दारात उभी राहिले. रंग आणि ब्रश कोणाला देऊन टाकायचे, तेही मनात ठरवून झालं. या वेळी ते पहिल्यापेक्षा जास्त वेळ बघत होते.

"चांगलं हाय म्हणा की हो," अक्का कुजबुजल्या. "पोरगी रडायला आलीय."

"खोटं कशाला सांगू?" काका खेकसले. मग चष्मा पुसून पुन्हा वाकले. "हा पुढचा डावा पाय. ह्याच्यावर वजन आलंय बघ. खांदा दबलाय, नखं मातीत रुतलीत. ह्या पायात जीव हाय."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं मेलंय. पण हा पाय तुझ्या हातनंच झालाय की."

मी तिथेच पायरीवर बसून रडले. काका भांबावून झाडांकडे निघून गेले आणि अक्कांनी कॉफी आणली. राजीनामा मी दिला नाही, पण वर्गही सोडला नाही. दुसऱ्या दिवशी तोच पाय पुन्हा काढला, मग त्याला शोभेल असा खांदा. चित्रांवर पोट भरायला पुढे बरीच वर्षं जावी लागली.

काका आता नाहीत. माझी चित्रं पुस्तकांत छापून येतात, आणि नवं चित्र दाखवलं की कागद पुरता उलगडण्याआधीच लोक 'सुंदर!' म्हणतात. मी आभार मानते. कागद मात्र लगेच आवरत नाही. यातलं मेलेलं काय आहे ते कोणीतरी सांगेल, असं उगाच वाटत राहतं.