उडीचं बटण

रविवारी दुपारी साडेतीन वाजता राजारामपुरीतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात मी जोरात ओरडले. मला ओळखणाऱ्यांना हे खरं वाटणार नाही... पण साक्षीदार आहेत.

हे दुकान पूर्वी व्हिडिओ गेम पार्लर होतं. पाचवी ते सातवी, शाळा सुटली की मी तिथे. पार्लर अक्काचं. तिचं माहेर हुपरी, लग्नाआधी घरच्या चांदीच्या कारखान्यात पैंजणांना डाग द्यायची, म्हणजे कड्यांचे सांधे वितळवून जोडायची. मुलींमध्ये येणारी मी एकटीच... त्यामुळे कुणाशी बोलायचं नाही आणि हरलं तरी चेहरा हलू द्यायचा नाही, असा माझा नियम होता.

मशीन चार होती, माझं एकच. मिलिटरी गेम. एक सैनिक, सतत गोळ्या झाडत पळायचं, खंदकांवरून उड्या मारायच्या, समोरून हेलिकॉप्टर आणि रणगाडे. तीन बटणं, तीन लाइफ, पाच मिशन. एक गोळी लागली की संपलं.

मिशन पार झालं की आतून एक घोगरा आवाज 'मिशन कम्प्लीट' म्हणायचा. आम्हाला ते 'मिसळ कम्प्लीट' ऐकू यायचं... कोल्हापुरात दुसरं काय ऐकू येणार? पाचवी मिसळ मात्र तिथे कुणालाच मिळाली नाही. शेवटच्या रणगाड्यापर्यंत मी अकरा वेळा पोचले होते. मोजलं होतं.

गेल्या महिन्यात पुण्यात एका मॉलमध्ये तोच गेम दिसला आणि मी अक्षरशः धावले. पहिल्याच खंदकात मेले. उडी मारायला मधलं बटण दाबलं, तर सैनिकाने बॉम्ब फेकला आणि सरळ खाली गेला... तिन्ही लाइफ एका मिनिटात.

मी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर. तिथल्या माणसाला शांतपणे सांगितलं, तुमची वायरिंग चुकली आहे. त्याने पॅनेलवरची छापील चित्रं दाखवली, आमच्या मशीनवरची केव्हाच घासून गेली होती. पहिलं गोळी, मधलं बॉम्ब, तिसरं उडी. त्याचं बरोबर होतं... म्हणजे आमचं चुकलेलं होतं.

मग शुक्रवारी आईचा फोन. अक्काचं शेवटचं मशीन, तुझंच ते, सोमवारी भंगारात जाणार, असा तिचा तुला निरोप आहे. मी शनिवारीच एसटीत बसले. बॅगेत मल्टिमीटर आणि सोल्डरिंग आयर्न. वायरिंग नीट करायची, आणि मशीन जायच्या आत तो रणगाडा पाडायचा. बारा वर्षं राहिलेलं काम होतं, आणि पुन्हा संधी नव्हती.

मशीन कोपऱ्यात, चादरीखाली. प्लग लावला, चालू झालं! मग बंद करून मागची फळी काढली. दोन वायरी कापून एकमेकींच्या जागी जोडल्या होत्या. जोड बघितले आणि माझा हात थांबला...

घाईत काम करणारा मेकॅनिक जोडावर सोल्डरचा गोळा ठेवतो. हे जोड पैंजणाच्या कडीसारखे होते. गुळगुळीत, एक थेंब जास्त नाही. कंपनीचं काम नव्हे, मेकॅनिकचंही नव्हे.

"अक्का, हे तुम्ही केलंय?"

"मग काय मिलिट्रीवाले आलते?" ती झेरॉक्सचे कागद लावत म्हणाली. "तुजा हात केवढासा हुता. गोळी मारता मारता तिसऱ्या बटणापतोर बोट पोचंना. पयले आठ दिस रोज मरायचीस आन् तोंड घट्ट मिटून जायाचीस. मला बघवंना झालं."

"आणि बाकीची पोरं?"

"बोंबलली की! म्हटलं, नवीन मॉडेल हाय, मुकाट्यानं खेळा."

"मला तरी सांगायचं..."

"सांगितलं असतं तर तू परत पायरी चढली असतीस व्हय गं?"

नसते चढले. हे तिला तेव्हाही माहीत होतं.

सोल्डरिंग आयर्न बॅगेत परत ठेवलं. फळी लावली. नाणं टाकलं.

पहिल्या बोटाने गोळी, मधल्याने उडी... हाताला सगळं आठवत होतं! दुसरं मिशन एकही लाइफ न गमावता. तिसऱ्यात एक गेली, चौथ्यात पुलावर दुसरी. झेरॉक्सला आलेली कॉलेजची मुलं मागे गोळा झाली. शेवटचा रणगाडा आला तेव्हा माझ्याकडे एकच लाइफ होती.

तो तीन तोफगोळे टाकतो, मग अर्धा सेकंद थांबतो. त्या अर्ध्या सेकंदात उडी, आणि हवेतसुद्धा गोळ्या थांबवायच्या नाहीत. "ताई, उडी! उडी!" मागून कुणीतरी. "हाण की!" ही अक्का. झेरॉक्स मशीन कोऱ्या कागदांवर कोरे कागद काढत होतं...

रणगाडा फुटला. मी ओरडले. घोगऱ्या आवाजाच्या आधी अक्काच ओरडली, "झाली गं मिसळ कम्प्लीट!"

सोमवारी मशीन गेलं. त्याआधी जोडाचा तेवढा तुकडा मी कापून घेतला. दोन सेंटिमीटर वायर, आत्ता टेबलावर आहे.

मी कुणाची मदत न घेता शिकले, असं आजवर खूप लोकांना सांगितलं आहे. त्यात ही दुरुस्ती समजावी.

अक्काला थँक्स म्हणायचं राहिलं... समोर जमलं नाही. राजारामपुरीतलं कुणी हे वाचत असेल, तर जाता जाता तिला एवढं वाचून दाखवा.