शिंपीणकाकूंच्या घरातलं विजेचं यंत्र

चालत नाही म्हणून एखादी वस्तू भंगारात काढण्याआधी तुम्ही ती उघडून तरी बघता का? आमच्या कोपऱ्यावरच्या शिंपीणकाकू बघतात. अडकलेलं कुलूप, घरघरणारा पंखा, नवरा गेल्यावर विस्कटलेला संसार, सगळं त्यांनी ठाकूनठोकून चालतं केलं. तोंड फाटकं, पण शिवण पक्की.

त्यांची लेक शाळेच्या शेवटच्या वर्षाला. भौतिकशास्त्राच्या प्रकल्पासाठी तिने स्थिर विजेचं यंत्र घरीच बांधलं. प्लास्टिकचा पाइप, वर-खाली एकेक रूळ, त्यांवरून फिरणारा रबरी पट्टा आणि डोक्यावर तोंडाला तोंड लावलेले दोन स्टीलचे वाडगे. मोटर आईच्या जुन्या शिलाई मशीनची. पट्टा रुळांवर घासला की वाडग्यांत वीज साठते, जवळ चमचा नेला की ठिणगी उडते. घरी उडायची. सोमवारी सरांसमोर मात्र ढिम्म!

सरांनी यंत्राकडे धड पाहिलंही नाही. "बाजारात तयार मिळतं, ते आणायचं. हे खेळणं उचला," म्हणाले आणि नापास करून मोकळे झाले. विषय गेला की पोरीचा पुढचा प्रवेश गेला, हे त्यांना माहीत नाही? चांगलं माहीत आहे!

पोर घरी येऊन यंत्राला भिडली. पट्ट्यावरची वीज टिपणारी तारांची फणी पुढे-मागे करून पाहिली, जोड खरवडले. काही नाही. मग पट्ट्यावरून बोट फिरवलं. बुळबुळीत.

"आई, याला कुणी हात लावला?"

"मी. काल कुरकुरत होतं. सरांसमोर शोभा नको म्हणून रुळांना मशीनचं तेल घातलं."

"तेल? अगं, घासल्याशिवाय वीज कुठून येणार?"

"मग आधी सांगायचं! या घरात जे फिरतं त्याला तेल मिळतं. तुझी जीभ तेवढी बिनतेलाची फिरते."

"कुणावर गेलीय?"

भांडत भांडतच दोघींनी रूळ स्पिरिटने चोळले, रबर कापून नवा पट्टा चिकटवला. बटण दाबलं. काकूंनी चमचा पुढे केला. चट्!

"मेलं चावलं की गं मला!" काकू ओरडल्या, आणि लगेच पुन्हा चमचा पुढे केला.

आज सकाळी त्या यंत्र काखेत मारून शाळेत गेल्या. तेल आपणच घातलं, हे त्यांनी सरळ सांगितलं. सर म्हणाले, "एकदा निकाल दिला की दिला."

"अहो, बटण तरी दाबून बघा!"

सरांनी दार लावून घेतलं. पोरीने बिघाड शोधला, कारण सांगितलं, यंत्र दुरुस्त करून दाखवायला पाठवलं. भौतिकशास्त्र म्हणजे याहून वेगळं काय असतं, ते या माणसाने मला समजावून सांगावंच!

गुण उद्या दुपारी वर पाठवले जाणार आहेत. तुमचं लेकरू त्या शाळेत असो वा नसो, सकाळी शाळा भरायच्या आधी प्रयोगशाळेच्या दाराशी या. आरडाओरडा मी करीन, त्याची काळजी नको. तुम्ही फक्त माझ्या शेजारी उभे राहा आणि सरांना बटण दाबायला सांगा.