आधी डबा

शुक्रवारी संध्याकाळी आमच्या घरी स्वयंपाक होत नाही. हा नियम मी केलाय, आणि माझ्या सगळ्या नियमांपैकी घरच्यांनी आनंदाने पाळलेला हा एकटाच. अमेरिकेत, ईडन प्रेरीत राहायला आलो तेव्हापासून शुक्रवारी आम्ही हायवेपलीकडच्या त्याच मेक्सिकन रेस्टॉरंटमध्ये जातो. कुठल्याशा मोठ्या चेनचं आहे. अस्सल मेक्सिकन माणूस इथे पाऊलसुद्धा ठेवणार नाही, असं नवरा दर वेळी म्हणतो, आणि म्हणता म्हणता टोपलीतले चिप्स एकटा संपवतो.

आई गेल्यावर बाबा नागपूरहून आमच्याकडे राहायला आले, आणि शुक्रवार त्यांचा झाला. बाबा हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. इथे हिवाळ्यात त्यांचं फिरणं बंद, गप्पा मारायला कुणी नाही, खिडकीतून बघावं तर शेजाऱ्याचं गॅरेज. पण शुक्रवारी दुपार कलली की इस्त्रीचा शर्ट, त्यावर स्वेटर, असे तयार होऊन सोफ्यावर बसायचे. तिथली वेट्रेस माझ्याच वयाची. ती त्यांना 'सर' म्हणते. हाऊ आर यू टुनाइट, सर? इथे सगळ्याच पुरुषांना सर म्हणतात, हे मी बाबांना कधी सांगितलं नाही. रिटायर झाल्यापासून ती हाक त्यांच्या कानांवर पडणं कमी झालं होतं. ती ऐकली की ते पाठ सरळ करून बसायचे, आणि मला माझ्या बापाचं इतकं कौतुक वाटायचं की मी उगाच पाणी प्यायचे.

मग ते चष्मा लावून मेनू वाचायचे. आम्ही बाकीचे मेनू उघडतसुद्धा नव्हतो, काय मागवायचं ते ठरलेलं होतं. बाबा मात्र उत्तरपत्रिका तपासावी तसे पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोट फिरवत जायचे आणि शेवटी त्याच एका पदार्थावर थांबायचे. भलामोठा बरीटो, म्हणजे पोळीची जाडजूड गुंडाळी. आत भात, राजमा, चिकन, वरून चीजची गोधडी, शेजारी पुन्हा भात आणि राजमा. ही प्लेट टेबलावर आली की माझी मुलगी आपला ग्लास बाजूला सरकवून जागा करायची.

आणि बाबा ती प्लेट संपवायचे. संपवणं भागच होतं. आमच्या घरात जेवणाचे दोन नियम, मी बोलायला लागायच्या आधीपासूनचे. पहिला, पानात टाकायचं नाही. हा बऱ्याच घरांत असतो. दुसरा मात्र आमचा. पानात उरलेलं उष्टं घरात येणार नाही, कुणाचंही. पातेल्यात उरलेली भाजी दुसऱ्या दिवशी खुशाल खा, पण पानातलं नाही. माझे पणजोबा झोळी घेऊन गावात घरोघरी फिरून लोकांच्या जेवणातलं उरलेलं आणायचे. आमच्या वाट्याला ते काम दिलेलं होतं आणि त्याला हक्क म्हणत. माझे आजोबा नागपूरहून दीक्षा घेऊन गावी परतले, त्या दिवशी त्यांनी ती झोळी चुलीत घातली. बाबा तेव्हा लहान होते, पण झोळी जळताना पाहिल्याचं त्यांना आठवतं. त्याआधी झोळीतून काय काय निघायचं, तेही आठवतं. वेगवेगळ्या घरच्या भाकरीचे तुकडे, कुठे कुणाच्या दातांची खूण.

म्हणून ते नव्याने आले असताना त्या वेट्रेसने माझं अर्धं राहिलेलं जेवण न विचारता पांढऱ्या डब्यात घालून आणलं, तेव्हा बाबा त्या डब्याकडे नुसते बघत राहिले. मी तो डबा तिथेच राहू दिला. त्यानंतर आमच्या टेबलावर डबा कधी आला नाही, आणि टाकायचंही नाही, म्हणजे उरला एकच मार्ग. आम्ही चौघं सगळं खायचो. आमच्या प्लेट्स स्वयंपाकघरात परत जायच्या त्या जवळजवळ घासलेल्या.

गेल्या हिवाळ्यात बाबांना जिना चढताना धाप लागायला लागली. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, हृदयाचा फोटो काढला, आणि माझ्याकडे बघून सावकाश बोलल्या. शुगर खूप वाढली आहे, हृदयावर ताण आहे, वजन उतरलंच पाहिजे. बाहेर जेवता का? मी म्हटलं, आठवड्यातून एकदाच. त्या म्हणाल्या, मग अर्धंच खायचं आणि अर्धं डब्यात घालून घरी न्यायचं, सोपं आहे. मी बाबांना मराठीत समजावलं ते 'अर्धंच खायचं' इथपर्यंतच, डब्याचं सांगितलं नाही.

त्या शुक्रवारी पहिल्यांदा मी मेनू नीट वाचला. प्रत्येक पदार्थाच्या नावापुढे बारीक अक्षरांत कॅलरीचा आकडा होता. इतकी वर्षं तो तिथेच होता, आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर बारीकसारीक चुका शोधण्याचा पगार घेणाऱ्या मला तो दिसला नव्हता. मी पौष्टिक म्हणून जे सॅलड खात आले होते, त्याचा आकडा नवऱ्याच्या चिमिचांगाच्या, म्हणजे तळलेल्या बरीटोच्या, हाकेच्या अंतरावर होता. नवऱ्याला हे सांगताना मला जितका राग आला, तितकाच त्याला आनंद झाला.

"मग मी काय वेगळं सांगत होतो? घास-पाला खाऊन कुणी बारीक होत नाही यार."

मुलीने मेनूतल्या बाबांच्या बरीटोवर बोट ठेवलं. तिथे पंधराशेच्या वरचा आकडा होता. अख्ख्या मेनूत त्याहून मोठा आकडा नव्हता.

"आबा, दिस इज लाइक युअर होल डे! होल डेचं जेवण एका प्लेटमध्ये."

"हो," बाबा म्हणाले. "मला माहीत आहे. म्हणूनच तर मी तो घेतो."

बाबांनी चष्मा काढला आणि नववीच्या वर्गाला समजावतात तसं समजावलं. कॅलरी म्हणजे ऊर्जा. ज्यात जास्त कॅलरी, ते जास्त सकस. या लोकांचं मला फार आवडलं बघ, प्रत्येक पदार्थात ऊर्जा किती, ते छापून ठेवतात. मी पहिल्याच दिवशी सगळे आकडे वाचले आणि सगळ्यात मोठा निवडला.

मला हसू आवरेना. नवरा तर टेबलावर डोकं ठेवून हसत होता. बाबाही हसले, पण त्यांना आम्ही कशाला हसतोय ते कळलेलं नव्हतं. मग मी त्यांना सांगितलं. तो आकडा कशासाठी छापतात, आणि त्यांच्या शुगरचा, हृदयाचा त्याच्याशी काय संबंध. सांगता सांगता माझं हसू मावळलं. लहानपणी भुकेल्या पोटी झोपलेल्या माणसाला मी सांगत होते की अन्नात ताकद जास्त असणं वाईट.

त्यांनी मेनू मिटला. त्या दिवशी त्यांनी फक्त सूप घेतलं. पुढच्या शुक्रवारी चार वाजले तरी ते घरच्याच कपड्यांत होते.

"तुम्ही जाऊन या. मला ज्वारीची भाकरी टाकून ठेव, मी घरीच जेवतो."

"बाबा, तिथे जाऊन थोडंसं खा ना."

"थोडंसं खाऊ आणि बाकीचं?" त्यांनी विचारलं.

मी पुष्कळ उपाय करून पाहिले. म्हाताऱ्यांसाठी लहान प्लेट मिळते, असं सुचवलं, तर म्हणाले, आता मला बालवाडीत बसव. एक प्लेट दोघांत घेऊ म्हटलं, तर म्हणाले, मग ती बाई म्हणेल, सरांच्या लेकीने सरांना अर्ध्यावर आणून ठेवलं. शेवटी मी चिडून शुक्रवारीही घरीच स्वयंपाक करायला लागले. वजन उतरत होतं, डॉक्टरीणबाई खूश होत्या. बाबा मात्र आठवडाभर एकच शर्ट घालून बसायला लागले. ते कमी बोलत होते. आई गेल्यानंतरचे पहिले महिने मी पाहिले होते, आणि तीच शांतता पुन्हा घरात शिरतेय, याची मला भीती वाटायला लागली. हृदय सांभाळता सांभाळता माणूसच हातचा जातो की काय, असं वाटायचं.

बर्फ वितळायला लागलं तेव्हाची गोष्ट. सकाळी मी मुलीचा शाळेचा डबा भरत होते. रात्रीचं जेवण वाढायच्या आधीच मी त्यातला तिचा वाटा काढून ठेवते, सकाळी तो गरम करून देते. बाबा चहाचा कप घेऊन माझ्या मागे उभे होते.

"हे कालचंच ना?"

"हो, पण पानातलं नाही. वाढायच्या आधी काढून ठेवलंय."

"ते दिसतंच आहे मला," ते म्हणाले, आणि चहा तसाच ठेवून आत गेले. शुक्रवारी चार वाजता पाहते, तर इस्त्रीचा शर्ट, त्यावर स्वेटर.

वेट्रेसने त्यांना लांबूनच पाहिलं. वी मिस्ड यू, सर, ती म्हणाली. बाबांनी पाठ सरळ केली आणि मेनू न उघडताच तोच बरीटो मागवला. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी हाताने मला थांबवलं आणि आपल्या इंग्रजीत तिला म्हणाले,

"अँड वन बॉक्स, प्लीज. बॉक्स फर्स्ट. फूड आफ्टर."

तिला कळेना. माणसं जेवून झाल्यावर डबा मागतात. शुअर, सर, म्हणत तिने आधी रिकामा डबा आणला, मग प्लेट. बाबांनी कशाला तोंड लावलं नव्हतं. त्यांनी स्वच्छ सुरी घेतली, बरीटो बरोबर मधोमध कापला आणि अर्धा डब्यात ठेवला. मग न वापरलेल्या चमच्याने अर्धा भात, अर्धा राजमा काढला. डब्याचं झाकण लावलं, दाबून पाहिलं, आणि डबा माझ्याकडे सरकवला.

"आबा, सो हे लेफ्टओव्हर्स नाहीत?" मुलीने विचारलं. तिला ती जुनी गोष्ट माहीत होती, मीच सांगितलेली.

"नाही," बाबा म्हणाले. "लोकांचं जेवण झाल्यावर माझ्या आजोबांना मिळायचं. हे मी जेवायच्या आधी काढलंय."

मग ते जेवायला लागले, सावकाश, चवीने. मी उगाच पाणी प्यायले. प्लेट नेहमीसारखी घासल्यासारखी स्वच्छ झाली.

घरी येताना मी डबा मागच्या सीटवर ठेवायला लागले, तर त्यांनी तो माझ्या हातातून घेतला. सीटबेल्ट लावला आणि घर येईपर्यंत डबा मांडीवर धरून बसले. दारात पोहोचल्यावर त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि माझ्या आधी घरात नेला.