सार्पोमाच्या पिंपातले क्लॅम्प

याव बादू तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून पडला त्याला चार दिवस झाले होते, आणि तेवढ्या दिवसांत तिघांनी घरी येऊन अजोआ सार्पोमाला सांगितलं होतं की चूक तिची आहे. पहिला आला यार्डातला कारकून. दुसरी शेजारीण, जी कधी यार्डाच्या फाटकातही शिरली नव्हती, पण तिला सगळं माहीत होतं. त्या दोघांना सार्पोमाने दारातूनच वाटेला लावलं. तिसरे आले ते नाना अम्पोफो. त्यांना मात्र स्टूल द्यावं लागलं आणि पाणीही द्यावं लागलं, कारण तिच्या आईला मूठमाती देताना सगळं पुढे होऊन करणारे तेच होते.

सार्पोमा मूळची कुमासी शहराजवळच्या पँक्रोनो गावची. तिथे मडकी बायकाच घडवतात. तिची आई भट्टी निवली की दुसऱ्या दिवशी एकेक मडकं उचलायची आणि बोटाच्या पेराने ठोकायची. खणखणीत वाजलं तर ते कुमासीच्या बाजाराला जायचं. बद्द वाजलं तर आई ते तिथल्या तिथे दगडावर आपटायची. शेजारणी हळहळायच्या, अगं धान्य ठेवायला तरी दे कुणाला, अर्ध्या किमतीत जाईल. आई म्हणायची, आज धान्याला नेतील आणि उद्या त्यातच पाणी तापवतील, मग भाजेल कुणाचं तरी लेकरू. पुढे ॲल्युमिनियमची पातेली आली आणि मडक्यांना कुणी विचारेना. सार्पोमाचा नवरा कोकोच्या मळ्यांकडे गेला तो तिकडचाच झाला. दोन मुलींना घेऊन ती कुमासीत आली आणि सुआमेच्या बाजूला आदोमाकोच्या यार्डात कामाला लागली.

यार्डातून बांधकामांना पाइप आणि क्लॅम्प भाड्याने जात. पाइपाला पाइप आडवा धरून ठेवतो तो क्लॅम्प. दिसायला मुठीएवढा, पण सगळी परांची आणि तिच्यावरची माणसं त्याच्याच भरवशावर. कामावरून तो परत यायचा तेव्हा सिमेंटने असा माखलेला असायचा की त्याचं लोखंड दिसायचं नाही. आंब्याच्या झाडाखाली बसून बायका हातोडीने ते सिमेंट झाडत, क्लॅम्प जळक्या ऑइलमध्ये बुडवत आणि पिंपात टाकत. बाकीच्या बायका झाडून मोकळ्या व्हायच्या. सार्पोमा मात्र झाडून झाल्यावर प्रत्येक क्लॅम्प तारेला अडकवायची आणि पान्याने हलकेच ठोकून कान द्यायची. बायका हसायच्या. सार्पोमाला लोखंडाशी बोलायची सवय आहे, म्हणायच्या. तिने कधी वाद घातला नाही. माती काय आणि क्लॅम्पचं ओतीव बीड काय, तडा गेला की दोन्ही बद्दच वाजतात.

हळूहळू गवंड्यांच्या लक्षात आलं की निळ्या पिंपातले, म्हणजे सार्पोमाच्या हाताखालून गेलेले क्लॅम्प कधी दगा देत नाहीत. मग ते परांचीवर चढण्याआधी विचारू लागले, हे सार्पोमाच्या पिंपातले का? नसतील तर चढायचे नाहीत. आदोमाको आधी हसला. मग त्याला त्यातला फायदा कळला आणि तो स्वतःच गिऱ्हाइकांना सांगू लागला की आमचा माल सार्पोमाने वाजवून घेतलेला असतो. तिच्या नावावर त्याने धंदा वाढवला आणि तिला नाताळाला एक तांदळाची पिशवी दिली. असे मालक सगळीकडे असतात, त्यात नवल नाही.

नवल आहे ते पुढचंच. बद्द वाजलेले क्लॅम्प सार्पोमाला फोडायचे होते. तिने पहिल्याच आठवड्यात घण मागितला. आदोमाको म्हणाला, फोडू नकोस, भंगारवाला अख्खे मागतो. आता भंगारवाल्याला लोखंड अख्खं काय नि फुटकं काय, वजन तेच. पण हा प्रश्न तिला तेव्हा पडला नाही, आणि आज तोच तिला रात्रंदिवस खातो. तिने घण सोडला आणि छिन्नी घेतली. बाद झालेल्या प्रत्येक क्लॅम्पवर ती दोन खाचा पाडायची आणि फाटकाजवळच्या गंजक्या पिंपात टाकायची. बाहेरून पाडलेल्या खाचाही मालकाला चालल्या नाहीत. फाटकातून येताना पिंपात दिसल्या तर गिऱ्हाईक बिचकेल म्हणाला. मग तिने त्या आतल्या बाजूला, पाइप बसतो तिथे पाडायला सुरुवात केली. अशी एकोणीस वर्षं गेली. शनिवारी गंजकं पिंप रिकामं व्हायचं, आणि तिला वाटायचं भंगार गेलं.

मग बादू पडला. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाला बाहेरून गिलावा चालला होता, तिसऱ्या मजल्यावर एक क्लॅम्प तुटला, फळी कलंडली आणि बादू खाली आला. जीव वाचला, पण मांडी आणि खुबा मोडला. पंचवीस वर्षांचा गवंडी तो, आता चालेल की नाही हे डॉक्टरही सांगेनात. आणि आदोमाकोने दुसऱ्याच दिवशी निकाल लावून टाकला. बाईचा हात जड आहे म्हणे. सिमेंट झाडताना हातोडी जोरात बसते आणि क्लॅम्प तडकतो. याला म्हणतात वड्याचं तेल वांग्यावर. ज्या हाताने एकोणीस वर्षं त्याचं यार्ड सांभाळलं तो हात एका दिवसात जड झाला.

नानांनी पाणी संपवलं, ग्लास खाली ठेवला आणि काठीवर दोन्ही हात ठेवले.

"अजोआ, म्हातारा माणूस तुझ्या दारी आलोय. मला रिकामा पाठवू नकोस."

"काय हवंय, नाना?"

"उद्या बादूच्या घरी जाऊ. मी बोलेन, तू नुसती खाली मान घालून बस. बाईच्या हातून चुकलं म्हटलं की लोक माफ करतात. मालकाच्या हातून चुकलं म्हटलं तर यार्डाला कुलूप लागतं. तीस चुली आहेत त्या यार्डावर. तुझीही त्यातलीच."

आमच्याकडे वडीलधारं माणूस दुसऱ्याची बाजू घेऊन रदबदलीला आलं की त्याला नाही म्हणायचं नसतं. पिढ्यान् पिढ्यांची भांडणं अशी मिटली आहेत, मोडलेले संसार असे सांधले गेले आहेत. चांगली रीत आहे. पण चांगल्या रीतीचा फास कसा करायचा हे पैसेवाल्यांना कुणी शिकवावं लागत नाही. आदोमाको स्वतः आला असता तर तिने त्याला चार शब्द सुनावले असते. म्हणूनच तो आला नाही, त्याने नानांना पाठवलं.

"नाना," ती म्हणाली, "तो क्लॅम्प मी अजून पाहिलेला नाही. तुम्ही पाहिलाय?"

नाना काठी टेकून उठायला लागले.

"बरं. येते मी उद्या."

नानांनी त्याचा अर्थ होकार असा घेतला आणि तिला आशीर्वाद देऊन गेले. तिने होकार दिलेला नव्हता. तिने मनाशी एकच गोष्ट ठरवली होती. त्या क्लॅम्पवर खाच नसेल तर तिचाच कान चुकला असणार, आणि मग ती नानांच्या नाही, स्वतःच्या तोंडाने बादूच्या पायाशी माफी मागेल. आणि खाच असेल तर पुढचं काय, ते तिला त्या क्षणी सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना, सार्पोमा आणि आदोमाको बादूच्या घरी गेले. आदोमाको इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आला होता, हातात श्नॅप्सची बाटली, माफी मागायला जाताना न्यायची ती दारू. बादू ओसरीत गादीवर पडला होता, पायाला वजन बांधलेलं. घरातला अखेरचा शब्द त्याच्या मामाचा, अग्येकुमचा. रीतीप्रमाणे उजवीकडून सुरुवात करून सगळ्यांशी हस्तांदोलन झालं, पाणी फिरलं. पाहुणे का आले हे साऱ्या गल्लीला माहीत असलं तरी पाणी पिऊन झालं की यजमानाने ते विचारावंच लागतं आणि पाहुण्याने पहिल्यापासून सांगावंच लागतं. अग्येकुमने विचारलं. नानांनी सांगितलं, आणि काय सुंदर सांगितलं! बाईचं वय, तिचे थकलेले डोळे, तिचा जड हात, मालकाची कळकळ. ऐकता ऐकता सार्पोमाला स्वतःच्या हाताची कीव यायला लागली, आणि मग कीव आल्याचाच संताप आला.

"अजोआबाई," अग्येकुम म्हणाला, "नाना बोलले ते तुझंच बोलणं ना?"

हे विचारणं नावापुरतं असतं. समोरच्याने मान हलवायची आणि बाटली उघडायची. सार्पोमाने मान हलवली नाही.

"मला तो क्लॅम्प दाखवा."

आदोमाको घाईने म्हणाला की आता ते कशाला, झालं ते झालं, जखम उकरून काय मिळणार. पण बादूची आई तोवर आत गेली होती. डोक्याच्या रुमालात गुंडाळून तिने तुटलेल्या क्लॅम्पचे दोन तुकडे कपाटात ठेवले होते. ते तिने आणून सार्पोमाच्या मांडीवर ठेवले. वरून चंदेरी रंग असा चकचकत होता की नव्यालाही लाज वाटावी.

सार्पोमाने थोडं रॉकेल आणि एक सुरी मागितली. तिने चिंधी भिजवली, घासायला लागली. रंग सुटला तसा क्लॅम्पच्या कानावर, बोल्ट बसतो तिथे, वेल्डिंगचा एक जाड व्रण वर आला. फुटला होता तो बरोबर त्याच्याच कडेने. बिडाला वेल्डिंगचं ठिगळ म्हणजे फुटक्या मडक्याला कणिक लावल्यासारखं. मग तिने तुकडा उलटा केला आणि सुरीच्या टोकाने आतली बाजू खरवडली. आधी एक खाच लागली. पुढे बोटभर अंतरावर दुसरी.

तिला क्षणभर नुसतं हलकं वाटलं. कान चुकला नव्हता. आणि त्या हलकेपणाच्या पाठोपाठ तळपायाची आग मस्तकात गेली.

"ही माझी खूण आहे. हा बद्द वाजला म्हणून मीच बाद केला होता. यांनी तो भंगाराच्या पिंपातून उचलला, ठिगळ लावलं, रंग फासला आणि मी घरी गेल्यावर माझ्या पिंपात टाकला. दुसऱ्या कुठल्या नाही, माझ्या पिंपात. पोरं माझं नाव घेऊन चढतात म्हणून."

"अशा खाचा कुणीही पाडेल," आदोमाको म्हणाला.

"मग चला यार्डात. रंगवलेला कुठलाही उचला, मी खरवडून दाखवते."

आदोमाको मोबाइलमध्ये बघू लागला. त्या मोबाइलमध्ये काही नव्हतं. अग्येकुमने समोरची बाटली उचलली आणि डाव्या हाताने त्याच्या पुढे सरकवली. आमच्यात डाव्या हाताने कुणी कुत्र्यालाही भाकर टाकत नाही, आणि हे सगळ्यांनी पाहिलं.

"मला माहीत नव्हतं, अजोआ," नाना म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर उतरला होता.

"तुम्ही विचारलंच नव्हतं, नाना."

एवढं बोलून तिला उठायचं होतं. इतक्या दिवसांचं ओझं उतरलं होतं, नाव परत मिळालं होतं. ती रुमालाची घडी घालत होती तेवढ्यात बादू गादीवरून बोलला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसतं कुतूहल होतं, आणि तेच वाईट.

"मावशी, खूण आतून का केलीस? आम्ही तर बाहेरूनच बघतो ना."

सार्पोमाच्या तोंडाशी उत्तर आलं होतं, की मालक नको म्हणाला. ते तिने गिळलं. मालक चोर होता हे खरं, पण पँक्रोनोतल्या त्या बाईची लेक तो नव्हता, ही होती. ज्या बाईने एकही तडकलेलं मडकं अख्खं ठेवलं नाही, तिच्या लेकीने एकोणीस वर्षं तडकलेलं लोखंड खुणा करून करून अख्खं ठेवलं होतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. नानांना हवे होते तेच शब्द, फक्त ती ते बादूला म्हणाली.

तिथून ती सरळ यार्डात गेली. मागोमाग अग्येकुम होता आणि बादूच्या जोडीचे पाच-सहा गवंडी होते, म्हणून फाटकावर कुणी अडवलं नाही. तिने निळं पिंप आडवं पाडलं. एकेक क्लॅम्प तारेला अडकवून ठोकायला लागली. खणखणीत वाजला की एका बाजूला. बद्द आला की दगडावर ठेवायची आणि गवंड्यांकडून घेतलेला घण डोक्यावरून खाली आणायची. बीड एका घावात दुभंगतं. आंब्याखालच्या बायकांच्या हातोड्या थांबल्या. मग त्यातली एक उठली आणि तिने फाटकाजवळचं गंजकं पिंप ओढत आणलं.

आदोमाको गाडीतून उतरला तो ओरडतच. हा माल माझा आहे म्हणाला, पोलिसांना बोलावतो म्हणाला. शेवटी म्हणाला, "उद्यापासून यार्डात पाय ठेवायचा नाही."

"नाही ठेवत," सार्पोमा म्हणाली. "आजचे फोडून जाते."

आणि तिने पुढचा क्लॅम्प तारेला अडकवला. दुपारपर्यंत दगडाशेजारी गुडघाभर ढीग झाला होता. त्यातला प्रत्येक तुकडा फाटकाबाहेरच्या रस्त्यावरूनही फुटका दिसत होता.